चांदण्याची सुट्टी: आफ्रिकेतल्या सरोवरांवरील दिव्याच्या मासेमारीच्या अभ्यासाला प्रस्तावना

व्हिक्टोरिया सरोवरावर रात्री दिवे लावून मासे धरणारे कोळी महिन्यातल्या आठ-दहा रात्री घरी असतात. ही सुट्टी रविवारची नसते आणि सरकारीही नसते. ती चंद्र देतो. पौर्णिमेच्या आगेमागे आकाशातच एवढा मोठा दिवा लागलेला असतो की होडीतल्या दिव्याला पाण्याखाली कोणी विचारत नाही. मग होड्या वाळूवर ओढल्या जातात, फाटलेली जाळी शिवली जातात, उसनवारी चुकती होते, कोणी गावाकडे बायकामुलांना भेटून येतो. चंद्र रोज थोडा उशिरा उगवू लागला की पुन्हा रॉकेलची, बॅटऱ्यांची, खलाशांची जमवाजमव. हातात पंचांग नसूनही पंचांगाबरहुकूम चालणारा हा धंदा आहे. त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला म्हणून माझी पहिली सूचना अशी असते: दिव्याकडे नंतर बघा, आधी अंधार किती आहे ते बघा.

विषय आहे आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांवर कृत्रिम उजेडाने धरल्या जाणाऱ्या छोट्या माशांचा. छोटे म्हणजे किती? व्हिक्टोरियातला मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगाने चांदीचा. शास्त्रीय नाव रास्ट्रिनिओबोला अर्जेंटिया. तान्झानियात त्याला दगा म्हणतात, केनियाच्या लुओ लोकांत तो ओमेना होतो, युगांडात मुकेने. गणगोत पाहिले तर तो आपल्या रोहू-कटल्याच्या बाजूचा. टांगानिकातले दगा मात्र निराळे. ते समुद्रातल्या तारलीचे भाऊबंद, कधी काळी गोड्या पाण्यात येऊन तिथलेच झालेले. त्यांच्या दोन जाती, स्टोलोथ्रिसा आणि लिम्नोथ्रिसा. बुरुंडीकडे त्यांना न्दागाला म्हणतात आणि झांबियाकडे कपेन्टा. मलावी सरोवरात उसिपा, म्वेरू सरोवरात चिसेन्से, आल्बर्ट सरोवरात मुझिरी. नावे पाठ करायची गरज नाही, वाचता वाचता ती तोंडात बसतात. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की एका नावाखाली दोन वेगळ्या कुळांचे मासे असू शकतात आणि एकाच माशाला तीन देशांत तीन नावे असतात. या विषयातले निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

‘दगा’ हा शब्द मराठी कानाला खटकणारच. स्वाहिलीत त्याचा फसवणुकीशी काही संबंध नाही. तिथे तो क्षुद्रपणाचा शब्द आहे: राजकारणाच्या गप्पांत लाच घेताना सापडलेला किरकोळ कारकून म्हणजे दगा आणि कधीच न सापडणारे बडे लोक म्हणजे पापा, अर्थात मुशी. पण मराठी अर्थही अगदीच गैरलागू नाही. उजेड दाखवून जीव घ्यायचा, याला दुसरे काय म्हणावे? हा प्रश्न मनात घेऊनच पुढे यावे. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

दिव्याच्या आधी जाळ होता. टांगानिकावर होडीच्या टोकाशी लाकडे नाहीतर गवताच्या चुडी पेटवायच्या आणि उजेडाशी गोळा झालेले मासे लांब दांड्याच्या जाळ्याने उपसायचे, ही जुनी रीत. त्या जाळ्याला लुसेंगा म्हणत. आंबे उतरवायचा झेला डोळ्यांसमोर आणा, तो माणसाएवढा मोठा करा, म्हणजे कल्पना येईल. 1950 च्या दशकात सरोवराच्या उत्तर टोकाला ग्रीक व्यावसायिकांनी भूमध्य समुद्रावरची विद्या आणली. पर्ससीनची मोठी जाळी आली, दोन होड्या दांड्यांनी जोडून त्यांच्या मधोमध खाली सोडायचे आणि वर उचलायचे जाळे आले, आणि या सगळ्यांबरोबर चुडीच्या जागी आली गॅसबत्ती.

ही वस्तू मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेली, तमाशाच्या फडावर टांगलेली, गावजेवणात पंगतीच्या मधोमध फुसफुसणारी तीच ही. बर्लिनच्या कारखान्यात जन्मलेली पेट्रोमॅक्स ज्या काळात आपल्या खेड्यांत शिरली, साधारण त्याच काळात ती आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरही पोचली. स्वाहिलीत तिला कराबाई म्हणतात. टाकीत रॉकेल, पंपाने भरलेली हवा, वाफ झालेले तेल, आणि पांढरीशुभ्र पेटणारी ती रेशमी जाळी, जी एकदा जळली की नुसत्या राखेची उरते आणि हिसका बसला की भुगा होते. वरातीत एवढे सांभाळायचे म्हणजे बत्तीवाल्याची मान आखडायची. लाटांवर ते कसे सांभाळत असतील याचा विचार करा. पावसाचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की काच तडकते. वाऱ्याची झुळूक आली की ज्योत कलते, काजळी धरते. नव्या काचा, नव्या जाळ्या, रॉकेल यांचा हिशेब रोजचा, आणि तो खलाशांच्या वाट्यातून आधी वजा होतो. पुस्तकात एका ओळीत ‘प्रकाशस्रोत: दाबाचा रॉकेलचा दिवा’ असे लिहिलेले असते तेव्हा तिच्यामागे हा सगळा संसार असतो.

आता एक रात्र जवळून पाहू. व्हिक्टोरियाच्या दक्षिणेला, म्वान्झाच्या बाजूची. अंधार पडायच्या सुमारास होडी निघते, चार-पाच जण, एक जण बहुधा पोरगेलासा. दिवे होडीत ठेवत नाहीत. प्रत्येक दिवा लाकडाच्या लहानशा तराफ्यावर बांधून पाण्यात सोडतात, दोरीने अंतराअंतरावर, की किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला पाण्यात एखादी वस्ती वसल्यासारखी वाटावी. मग काही करायचे नसते. तासभर, दोन तास, कधी त्याहून जास्त. दिव्याभोवती आधी किडे येतात, ढगांनी. मग पाण्यात बारीक काहीतरी चमकू लागते. मग ते चमकणे दाट होते. जाणता कोळी त्या चमकण्याची जात ओळखतो. होडी हळूच दिव्याकडे सरकते, दिवा ओढला जातो तो अगदी सावकाश, कारण घाईने ओढला तर मासा मागे राहतो आणि दिवा एकटाच पुढे येतो. थवा जमलासा वाटला की भोवती मच्छरदाणीसारखे बारीक जाळे सोडायचे, तळाशी आवळायचे आणि ओढून घ्यायचे. एका रात्रीत हे दोन-तीनदा, नशीब असेल तर जास्त.

नशिबाचे दुसरे टोक आकाशात असते. व्हिक्टोरिया एवढे मोठे आहे, जवळजवळ 68,800 चौरस किलोमीटर, की ते स्वतःचे हवामान तयार करते. दिवसा वारे पाण्याकडून जमिनीकडे वाहतात. रात्री ते उलटतात, जमिनीकडून पाण्यावर येऊन एकमेकांना भिडतात आणि सरोवराच्या माथ्यावर गडगडाटी ढग उभे राहतात. म्हणजे वादळाची वेळ आणि दिव्याच्या मासेमारीची वेळ एकच. माशाला अंधार हवा म्हणून माणूस रात्री जातो, आणि रात्र ही त्या पाण्यावरची सर्वांत वाईट वेळ आहे. या धंद्याच्या अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी ही साधी गोष्ट तळटीपेत टाकली आहे. मला ती पहिल्या पानावर हवी.

मासा दिव्याकडे का येतो? एवढ्या जुन्या रीतीचे एवढे साधे कारण ठरलेले असेल असे वाटते, पण नाही. मेनाखेम बेन-यामी यांचे दिव्याच्या मासेमारीवरचे 1976 चे पुस्तक या क्षेत्रातले बाळबोध वाचन मानले जाते आणि तिथेही अनेक कारणे शेजारी-शेजारी मांडलेली दिसतात. एक म्हणजे भूक: प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, उजेडात गोळा होतात आणि मासा त्यांच्यामागे येतो. दुसरे, सोबत: अंधारात पांगलेले मासे उजेडात एकमेकांना पाहू शकतात आणि थवा बांधतात, कारण थवा हाच त्यांचा बचाव. तिसरे मला सर्वांत चित्रमय वाटते. माशाचा डोळा उजेडाला सरावला की दिव्याबाहेरचे पाणी त्याला ठार काळे दिसू लागते. ओसरीवर बत्तीखाली बसलेल्या माणसाला अंगणातले झाड दिसत नाही, तसे. तो उजेडात अडकतो तो हौसेने नव्हे, बाहेर जायची वाटच न उरल्याने. यातले खरे कुठले? जातीजातीत फरक आहे, पिल्लात आणि मोठ्यात फरक आहे, आणि मला वाटते तिन्ही एकाच रात्री खरी असू शकतात.

या विषयात मला ज्याने ओढले तो मात्र एक शोधनिबंध आहे, आणि त्यात दिवाच नाही. पोलंडचे सरोवरशास्त्रज्ञ माचेय ग्लिविच मोझांबिकमधल्या काहोरा बासा या धरणाच्या जलाशयात प्राणिप्लवक मोजत होते. आकडे महिन्यागणिक नव्हे, चंद्राच्या कलेप्रमाणे वर-खाली होताना दिसले. अमावास्येकडून पौर्णिमेपर्यंत प्लवक वाढत जात, आणि पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात एकदम कोसळत. असे का, हे त्यांनी 1986 मध्ये मांडले, आणि ते समजायला मराठी घरात वाढलेल्या माणसाला फारसे कष्ट पडू नयेत. संकष्टी चतुर्थी आठवा. दिवस मावळतो, अंधार पडतो, घरातले उपाशी माणूस गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहत राहते. चंद्र यायला दोन-तीन तास असतात. नेमक्या त्या दोन-तीन तासांच्या अंधाराला फसून प्लवक खोल पाण्यातून वर येतात. दिवसा ते खाली दडलेले असतात, कारण उजेडात मासा त्यांना टिपतो. अंधार झाला की वरच्या पाण्यात चरायला यायचे, हा त्यांचा नेम. ते वर आले, पसरले, चरू लागले, आणि मग चंद्र उगवतो. सगळे पाणी उजळते. खाली पळायला वेळ नाही. तिथला मासा, तोच आपला कपेन्टा, पोटभर जेवतो.

चंद्रोदयाला उपास सोडणारा मासा! गंमत सोडून देऊ, पण ग्लिविच यांनी ज्याला चंद्राचा सापळा म्हटले त्यात या सगळ्या विषयाचे सूत्र आहे. सरोवरात रात्रीचा उजेड आधीपासूनच शिकारीचे हत्यार आहे. चंद्र प्लवकांना उघडे पाडतो आणि मासा त्यांना खातो. कोळी त्याच साखळीच्या पुढच्या कडीला स्वतःचा छोटा चंद्र लावतो. त्याने खेळ शोधून काढलेला नाही. चाललेल्या डावात तो एक भिडू म्हणून उतरला आहे. म्हणून दिव्याची मासेमारी चांगली की वाईट, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. विचारायचे ते असे: कुठल्या सरोवरात, कुठल्या माशावर, चंद्राच्या कुठल्या पक्षात, आणि दिवा कोणाच्या मालकीचा?

पाण्याचा स्वभावही यात येतो, पण त्यावर मी फार वेळ घेणार नाही. टांगानिका खोल आणि नितळ आहे, 1,470 मीटर खोल, जगात बैकालनंतर दुसरे. तिथे निळसर उजेड दूरवर उतरतो. व्हिक्टोरिया उथळ, 80 मीटरच्या आसपास, आणि शेवाळाने हिरवट. तिथे निळा उजेड लवकर विरतो, हिरवा जरा टिकतो. गॅसबत्तीचा बराच उजेड तर पाण्यात न जाता आकाशात आणि कोळ्याच्या डोळ्यांत जातो. एलईडी दिवा खाली तोंड करून लावता येतो, बुडवताही येतो, वाऱ्यापावसात विझत नाही. 2008 मध्ये ओस्राम या जर्मन कंपनीने केनियाच्या किनाऱ्यावर सौरऊर्जेने चार्ज केलेले दिवे भाड्याने देण्याचे केंद्र उघडले. नंतरच्या काही वर्षांत एव्हन मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेत एलईडीच्या चाचण्या घेतल्या. रॉकेलचा खर्च कोळ्याला किती पिळतो हे त्या कामातून नीट पुढे आले. आज मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारे, स्थानिक कारागिराने जुळवलेले दिवे सर्रास दिसतात. ही सुधारणा आहे यात मला शंका नाही. पण दिवा स्वस्त झाला की दिवे वाढतात, आणि वापरून संपलेल्या बॅटऱ्यांतले शिसे कुठे जाते हे फारसे कोणी विचारत नाही.

मालकीचा प्रश्न समजून घ्यायचा तर कपेन्टाच्या प्रवासाइतके चांगले उदाहरण नाही. हा मासा टांगानिकाचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियन अंमलात त्याला किवू सरोवरात सोडले गेले. तिथे तो इसाम्बाझा झाला. तीन होड्या लांब दांड्यांनी जोडून, गात गात वल्ही मारत रात्री निघणारे र्वांडाचे कोळी आज त्याच्यावरच जगतात. मग पाळी आली करिबाची. झाम्बेझी नदीवर धरण झाले, 1958 मध्ये पाणी अडले आणि 280 किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. नदीतल्या माशांना काठ माहीत होते, मधले उघडे खोल पाणी रिकामेच राहिले. तेव्हा 1967-68 च्या सुमारास टांगानिकातून कपेन्टाची पिल्ले विमानाने आणून तिथे सोडली. ती रुजली. एवढेच नव्हे, जनित्रांच्या पात्यांमधून खाली वाहत जाऊन, 1974 च्या अखेरीस भरू लागलेल्या काहोरा बासातही ती आपणहून पोचली. ग्लिविच यांच्या निबंधातला मासा म्हणजे या प्रवासातला शेवटचा प्रवासी.

करिबावर त्याला धरण्यासाठी गॅसबत्ती आणि लाकडी होडी चालली नाही. तिथे तरंगते सांगाडे आले, त्यांवर जनित्र, झगझगीत दिवे, आणि कप्पीने खोल सोडायचे गोल जाळे. असा सांगाडा बांधायला भांडवल लागते. धरणासाठी ज्या टोंगा लोकांची घरे आणि नदीकाठची शेते बुडाली, ते सुमारे 57,000 होते; काठावर राहून रात्री त्यांना पाण्यावर जे दिवे दिसत, ते बहुतांशी दुसऱ्यांचे होते. मासाही बाहेरून आणलेला, पाणीही अडवून आणलेले, दिवाही बाहेरचा. कोयनेच्या, उजनीच्या काठावरच्या वाचकाला इथे मला वेगळे काही सांगायची गरज नसावी.

आता भांडणाकडे. या क्षेत्रात एक मोठे भांडण आहे आणि नवख्या वाचकाने ते टाळू नये. मासेमारीचे कायदे बहुतेक ठिकाणी एका समजुतीवर उभे आहेत: लहान मासा सोडावा, मोठा धरावा, म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार अमुक मिलिमीटरच्या खाली नको. ही समजूत उत्तर युरोपच्या समुद्रातल्या मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या माशांवरून आली. ती दगाला कशी लावणार? दगा पूर्ण वाढला तरी बारीकच. त्याचे आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. तो धरला नाही तर त्याला दुसरा मासा खातो, नाहीतर तो आपोआप मरतो. जेप्पे कोल्डिंग, पॉल फान झ्वीटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी 2019 मध्ये लिहिलेल्या अहवालात हा मुद्दा जोरात मांडला आहे. हे मासे वर्षभरात आपल्या एकूण वजनाच्या कितीतरी पट नवे मांस तयार करतात, माणूस त्यातला थोडाच भाग घेतो, आणि गरिबांच्या ताटातला हा सर्वांत स्वस्त पौष्टिक घास बारीक जाळ्यावरच्या बंदीने उगाच महाग होतो, असे त्यांचे म्हणणे. व्हिक्टोरियात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडल्यानंतर, 1980 च्या दशकात स्थानिक माशांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या. दगा मात्र टिकला, वाढला, आणि आज तिथल्या एकूण पकडीत वजनाने निम्म्याहून अधिक तोच असतो. हा पुरावा सहज झटकून टाकता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. दिवा दगालाच बोलावतो असे नाही. काठाजवळ लावलेल्या दिव्याखाली मोठ्या जातींची पिल्लेही येतात आणि बारीक जाळे ती परत सोडत नाही. युगांडात ‘हरी-अप’ नावाची रीत निघाली: यंत्रावर चालणारी होडी, झटपट फेरा, झटपट ओढ. त्यावर तिथे बराच गदारोळ झाला. केनिया ओमेनाची मासेमारी दरवर्षी एप्रिलपासून जुलैअखेर बंद ठेवतो. टांगानिकाच्या तान्झानियाकडच्या भागात 2024 मध्ये 15 मे ते 15 ऑगस्ट अशी तीन महिन्यांची बंदी झाली. वर्षभर जगणाऱ्या माशाला तीन महिन्यांची विश्रांती कितपत उपयोगी, हा प्रश्न कोल्डिंग यांच्या बाजूचे लोक विचारतील, आणि मला तो रास्त वाटतो. या वादात माझा कल त्यांच्याकडे आहे, हे वाचकापासून लपवू नये. पण व्हिक्टोरियाचे उत्तर टांगानिकाला लावू नये हेही तितकेच आग्रहाने सांगतो.

कारण टांगानिकात गोष्ट पाण्याच्या तळाशी अडकली आहे. तिथले खत खोल, प्राणवायू नसलेल्या पाण्यात साठलेले असते आणि वाऱ्याने पाणी ढवळले गेले तरच ते वर येते. पाणी तापले की थर घट्ट बसतात, ढवळणे कमी होते, वर अन्न कमी पोचते. 2003 मध्ये कॅथरीन ओ’रायली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडले की तापमानवाढीने तिथली वनस्पतिप्लवकांची वाढ सुमारे 20 टक्क्यांनी घटली असावी आणि त्यातून माशांची पैदास 30 टक्क्यांच्या आसपास उतरली असावी. फिनलंडच्या यौको सार्व्हाला यांच्या गटाने आक्षेप घेतला: पकड घटली त्यात मासेमारीच्या पद्धती बदलल्याचा वाटा मोठा आहे, सगळे हवामानावर ढकलू नका. 2016 मध्ये अँड्र्यू कोहेन आणि सहकाऱ्यांनी तळाचा गाळ काढून त्यातले माशांचे अवशेष मोजले आणि घसरण व्यापारी मासेमारीच्या आधीच सुरू झाली होती असे दाखवले. म्हणजे दिव्यावर आळ घालायच्या आधी पाण्याची नाडी पाहायला हवी. विद्यार्थ्यांना मी हे तिन्ही लेख लागोपाठ वाचायला लावीन, पण निकाल सांगणार नाही.

किनाऱ्यावर आल्यावर हा विषय बायकांच्या हातात जातो आणि अभ्यासकांचे लक्ष नेमके तिथेच उडते. पहाटे होड्या लागतात, दगा बादल्यांनी मोजून विकला जातो, आणि त्या बायका तो वाळूवर, गवतावर, जुन्या जाळ्यांवर, जमले तर मांडवासारख्या माचाणावर पसरतात. कडक ऊन मिळाले तर दिवसभरात खडखडीत. पाऊस आला तर सगळा माल कुजून कोंबड्यांच्या खाद्याच्या भावात. वाळूवर वाळलेल्या माशात खडे येतात आणि भाव पडतो, हे आपल्या जवळा-सुकटीच्या खळ्यावर काम केलेल्या बाईला सांगावे लागणार नाही. म्वान्झाच्या किरुम्बा बाजारातून या सुक्या माशाची पोती काँगोपर्यंत जातात. डोक्या-काट्यासकट खाल्ला जात असल्याने त्यात कॅल्शियम, लोह, जस्त भरपूर, आणि तरी त्याचा मोठा भाग माणसांच्या ताटाऐवजी पशुखाद्याच्या गिरणीत जातो. केनियाच्या किनाऱ्यावर याहून कडू एक शब्द आहे, जाबोया: मासा मिळावा म्हणून बाईने होडीवाल्याला शरीर द्यावे, असा रूढ झालेला व्यवहार. पकड कमी झाली की तो वाढतो. चंद्राचा सापळा, दिव्याचा सापळा, आणि त्यापुढे हा. मासेमारीचा अभ्यास जेट्टीपाशी संपवणाऱ्या पुस्तकांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

मराठी वाचकाचा एक पूर्वग्रह दारातच ठेवून यावा अशी विनंती आहे. आपल्या किनाऱ्यावर ‘एलईडी मासेमारी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, आणि त्याला कारण आहे. मोठ्या नौका, जनित्रावरचे प्रखर दिवे, पर्ससीनची जाळी, आणि पारंपरिक कोळ्याच्या वाट्याला रिकामे जाळे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि तरीही महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यावरची आंदोलने थांबली नाहीत. इथे दिवा बड्याच्या हातात आहे. व्हिक्टोरियावर तो बहुधा त्याच्या हातात आहे ज्याच्याकडे दुसरे फारसे काही नाही. करिबावर तो आपल्याकडच्यासारखाच आहे. तीच वस्तू, तेच भौतिकशास्त्र, आणि न्याय प्रत्येक ठिकाणी वेगळा. आपला राग खरा आहे, पण तो आफ्रिकेच्या सरोवरांवर उसना नेऊ नये.

उलट आपण तिथे काहीतरी घेऊन जाऊ शकतो. या विषयात भौतिकशास्त्र, मत्स्यशास्त्र, अर्थशास्त्र सगळे आहे, पण तिथी पाहून पकड मांडण्याची सवय फार थोड्या अभ्यासकांना आहे. आकडे इंग्रजी महिन्यांनी लावले जातात आणि चंद्राचा परिणाम सरासरीत विरघळून जातो. आपल्या कोळीवाड्यांतली माणसे भांग आणि उधाण तिथीवरून सांगतात; ती नजर घेऊन एखादा विद्यार्थी जुन्या नोंदी पुन्हा मांडायला बसला, तर त्याला काय सापडेल याची मला खरोखर उत्सुकता आहे. त्यासाठी स्वाहिली थोडी शिकावी. अवघड नाही, अरबीतून आलेले कितीतरी शब्द ओळखीचे निघतात.

तर पान उलटायच्या आधी भिंतीवरचे कालनिर्णय पाहून आज तिथी कोणती ते बघा. कृष्ण पक्ष संपत आला असेल आणि आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, तर म्वान्झात नुकताच अंधार पडून दिवे पाण्यात सोडले जात असतील. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत. म्हणजे तिथे सात वाजलेले असतात. पण स्वाहिलीत तास सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे कोळ्याला वेळ विचारलीत तर तो सात म्हणणार नाही; म्हणेल, रात्रीचा एक वाजला.